१८५८ची चार माणसे

वडिलांच्या तिकिटांच्या वहीत १९५८ या वर्षाला दीड पान मिळाले आहे. त्या दीड पानात तीन चेहरे आहेत: धोंडो केशव कर्वे, बिपिनचंद्र पाल आणि जगदीशचंद्र बोस. तिन्ही तिकिटे पंधरा नव्या पैशांची आणि तिन्ही जन्मशताब्दीची. कर्व्यांचे १८ एप्रिलला निघाले, पालांचे ७ नोव्हेंबरला, बोसांचे ३० नोव्हेंबरला. वडील प्रत्येक तिकिटाखाली पेन्सिलीने तारीख लिहीत, त्यामुळे या तारखा मला लहानपणापासून पाठ आहेत. कर्व्यांच्या तिकिटाची एक गंमत ते आल्यागेल्याला सांगत. शताब्दी सहसा गेलेल्या माणसाची करतात. इथे ज्यांची शताब्दी, ते स्वतः हयात होते आणि त्याच वर्षी त्यांना भारतरत्नही मिळाले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका व्याख्यानासाठी पंडिता रमाबाईंवरची टिपणे काढायला बसलो. पहिल्याच ओळीत जन्मतारीख लिहिली, २३ एप्रिल १८५८, आणि हात थांबला. कर्व्यांच्या जन्मानंतर अवघ्या पाच दिवसांनी! म्हणजे १९५८च्या एप्रिलात त्यांचीही शताब्दी होती. वही काढून पाहिली. तिकीट नव्हते. वडिलांचे हुकले असेल असे वाटून टपाल खात्याची यादी शोधली. हुकले नव्हते, निघालेच नव्हते. रमाबाईंचे तिकीट निघाले ते १९८९ साली. एका वर्षात जन्मलेल्या चौघांपैकी तिघांना देशाने वेळेवर ओवाळले आणि चौथीला एकतीस वर्षे थांबायला लावले. हा लेख त्या एकतीस वर्षांमुळे सुचला.

एकाच वर्षी जन्मलेल्या मोठ्या माणसांच्या याद्या करणे हा आपल्याकडचा जुना छंद. टिळक आणि आगरकर दोघेही १८५६चे, गदिमा, पु. ल. आणि सुधीर फडके तिघेही १९१९चे. अशा यादीत ज्योतिषाला ग्रह दिसतात आणि इतिहासाच्या अभ्यासकाला बहुधा काहीच दिसत नाही. माझाही या छंदावर फारसा विश्वास नाही. परंतु कोणत्या वयात कोणता कायदा समोर येणार, कोणती शाळा उघडलेली असणार आणि कोणत्या दुष्काळात सापडणार, एवढे तरी जन्मवर्ष ठरवते. १८५८च्या बाबतीत हे फारच ठळकपणे दिसते.

त्याआधी दोन वर्षे, जुलै १८५६मध्ये, हिंदू विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. आणि १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचे राज्य गेले आणि प्रजेच्या धर्मात व रूढीत सरकार ढवळाढवळ करणार नाही, असे वचन मिळाले. शाळकरी इतिहासात हा जाहीरनामा उठावानंतरची फुंकर म्हणून येतो. सुधारणेच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा होता. विधवेला लग्न करता येईल असे कायद्याने सांगितले आणि दोनच वर्षांनी सरकारने यापुढे आमचा हात धरू नका म्हणून सांगितले. सवलत कागदावर राहिली. ती वापरायची तर ती कोणीतरी आपल्या घरात, आपल्या लग्नात, आपल्या पंगतीत वापरायची. १८९१चा संमतिवयाचा कायदा हा मधला मोठा अपवाद, आणि मुलीचे वय दहावरून बारावर नेण्यासाठी केवढे रण माजले ते सर्वश्रुत आहे. १८५८ साली जन्मलेली मुले वयात आली ती या मधल्या पोकळीत. माझ्या मते या चौघांना एका ओळीत बसवणारी गोष्ट हीच आहे.

कर्व्यांपासून सुरुवात करतो, कारण जन्मवर्षाने माणूस कसा अडतो याचा उत्तम दाखला त्यांच्याच आयुष्यात आहे. जन्म आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. घर दापोलीजवळच्या मुरूडचे. १८७५ साली सरकारी नोकरीसाठी लागणारी मराठी सहावीची परीक्षा द्यायला हा मुलगा मुरूडहून साताऱ्याला पायी निघाला. पावसाळा, कुंभार्ली घाट, शंभराहून अधिक मैलांची वाट. परीक्षेला बसायला वय सतरा पुरे हवे होते. ते पुरे होतेही. पण अंगयष्टी किरकोळ आणि उंची बेताची. परीक्षकांनी चेहरा पाहिला, मुलगा सतराचा दिसत नाही असे ठरवले आणि परत पाठवले. आला तसा तो घाट उतरून गेला. पुढल्या वर्षी कोल्हापुरास जाऊन परीक्षा दिली आणि पास झाला. ‘आत्मवृत्ता’त कर्व्यांनी हा प्रसंग फारसा आरडाओरडा न करता सांगितला आहे. ते एकूणच आरडाओरडा करणारे नव्हते. शाळेला उशीर झालाच होता, त्यात ही खीळ. मॅट्रिक झाले तेव्हा त्यांचे वय तेवीस होते, आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. झाले तेव्हा सव्वीस.

रमाबाईंना असा कोणी परीक्षक भेटायचा प्रश्नच नव्हता. गंगामूळच्या रानात जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून अनंतशास्त्र्यांना शास्त्री मंडळींना जाब द्यावा लागला होता. मुलीला शिकवले ते आईने. पुढे सारे कुटुंब पुराणे सांगत देशभर पायी फिरत राहिले. १८७४ ते १८७७च्या दरम्यान दक्षिणेच्या दुष्काळी दिवसांत आधी वडील, मग आई आणि थोरली बहीण अशी एकामागून एक गेली. उरलेली दोघे भावंडे चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. वयाच्या विसाव्या वर्षी कर्वे अजून इंग्रजी शाळेच्या बाकावर होते. रमाबाईंनी शाळेचे बाकच पाहिले नव्हते आणि त्यांच्यापुढे कलकत्त्याचे महामहोपाध्याय बसले होते. जगदीशचंद्र त्याच वेळी त्याच शहरात सेंट झेवियर्समध्ये शिकत होते.

इथे एक आडवाट घेतो. २३ एप्रिल १८५८ या नेमक्या दिवशी उत्तर जर्मनीतल्या कील गावी माक्स प्लांक यांचा जन्म झाला. भौतिकशास्त्रात पुंजवाद आणणारे, १९१८चे नोबेल मिळवणारे तेच प्लांक. एकविसाव्या वर्षी त्यांच्या हाती म्युनिकची डॉक्टरेट होती. १८९७ साली जर्मनीत एका संपादकाने स्त्रियांना विद्यापीठात घ्यावे का, अशी विचारणा शेकडो प्राध्यापकांकडे केली. प्लांक यांचे उत्तर असे होते की एखादीला खरोखर विशेष देणगी असेल तर अपवाद म्हणून आपण तिला वर्गात बसू देऊ. पण स्त्रीचे काम आई आणि गृहिणीचे, हे निसर्गानेच ठरवले आहे. पुढे १९१२ साली त्यांनीच लीझे माइट्नर यांना आपली साहाय्यक नेमले, हेही सांगितले पाहिजे. प्लांक हे उत्तर लिहीत होते त्या सुमारास त्यांच्या जन्मदिवसाची जोडीदारीण मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो मुली गोळा करून पुणे जिल्ह्यातल्या केडगावी आणत होती. एक दिवस, एक वर्ष, आणि एवढे अंतर! ग्रहांवर विश्वास ठेवणाऱ्यांनी याचे काय ते पाहावे.

जन्मतारखांबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. या चौघांच्या तारखा आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांच्या घरात त्या टिपून ठेवणारे कोणीतरी होते. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा आला १८८६ साली, आणि तोही ज्याला हवे त्याच्यासाठी. मुक्ता साळवे या मांग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला. लिहिताना ती चौदा वर्षांची होती, त्यावरून मागे मोजून तिचे जन्मवर्ष काढावे लागते. १८५८ साली महारवाड्यात, मांगवाड्यात जन्मलेली कर्तबगार माणसे आपल्या यादीत नाहीत, याचे एक कारण ती नव्हती असे नाही. त्यांचे वर्षच कोणी लिहिले नाही.

आता मूळ वाटेवर येतो. १८८० साली रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. वर शूद्र समजल्या जाणाऱ्या जातीचा, वधू चित्पावन ब्राह्मण. १८७२च्या कायद्याने नोंदणी विवाहाची सोय झाली होती, तीच वापरली. पुढच्या वर्षी मनोरमा झाली आणि त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत मेधावी पटकीने गेले. रमाबाई विधवा झाल्या तेव्हा चोविशीही उलटली नव्हती. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ छापली आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे सांगितले. १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत हिंडून, पुस्तक लिहून, पैसे उभे करून परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले.

कर्व्यांची पत्नी राधाबाई १८९१ साली गेली. कर्वे तेहतीस वर्षांचे विधुर. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेहतिशीच्या विधुराला दहा-बारा वर्षांची कुमारिका सहज मिळत असे, आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नसे. एका वर्षात जन्मलेली दोन माणसे, दोघांचेही जोडीदार गेलेले. एकासाठी गावोगाव मुली सांगून येणार आणि दुसरीने उरलेले आयुष्य भिंतीकडे तोंड करून काढायचे! कर्व्यांनी ठरवले की लग्न करायचे तर विधवेशीच, नाहीतर नाही. वधू ठरली ती त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई. आठव्या वर्षी विधवा झालेली ही मुलगी शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. सदन पुण्यास आले होते, कर्वेही गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्गसनमध्ये गणित शिकवायला आले होते. ११ मार्च १८९३ रोजी लग्न झाले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, सगळ्यांच्या बाया झाल्या. (११ मार्च ही तारीखही विलक्षण. डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात पदवीधर झाल्या तोही ११ मार्चच, १८८६चा. आणि तो समारंभ पाहायला रमाबाई हजर होत्या.)

अण्णा कर्वे आणि रमाबाई यांच्या आयुष्याचा सांधा इथे आहे. आपण तो बहुधा ओझरता सांगतो. महर्षींच्या चरित्रात शारदा सदन हे गोदूबाई जिथे शिकत होत्या ते ठिकाण म्हणून एका वाक्यात येते आणि पान उलटते. पण रमाबाईंनी सदन काढले नसते, तर देवरुखच्या जोशांची विधवा मुलगी पुण्यात आपल्या पायावर उभी असलेली कर्व्यांना दिसली असती का, याचा विचार करायला हवा. लग्नानंतर मुरूडकरांनी सभा भरवून बहिष्कार घातला. कर्व्यांच्या भावाने त्यांना घरात घेतले तर त्या घरालाही बहिष्कार, असा ठराव झाला. कायदा होऊन सदतीस वर्षे झाली होती. मुरूडच्या ठरावाला सरकारने काही म्हणायचे कारण नव्हते; जाहीरनामा होताच.

लग्नाला पाच महिने होतात तोच सदनावर वादळ आले. रमाबाईंनी सदनात धर्मशिक्षण देणार नाही असे कबूल केले होते. त्या स्वतः सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली जाऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि ऑगस्ट १८९३मध्ये रानडे व भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार समिती सोडली. या प्रकरणात मी पूर्वी सरसकट रमाबाईंच्या बाजूने बोलत असे. आज थोडे निराळे वाटते. उघड्या दाराने करार मोडत नव्हता हे खरे. पण पालकांची भीती अगदीच निराधार होती असेही म्हणवत नाही. केडगावी पुढे मोठ्या प्रमाणावर बाप्तिस्मे झाले. पटत नाही ते दुसरेच. मुलगी ख्रिस्ती होईल या भीतीने जागे झालेले पुणे, तीच मुलगी आठव्या वर्षी विधवा झाल्यावर केशवपनाच्या वेळी शांत झोपलेले होते.

रानडे-भांडारकरांनी हात काढल्यावर विधवांसाठी हिंदू संस्था हवी असे पुण्यात सगळ्यांना वाटू लागले, आणि ती काढली कर्व्यांनी, १८९६ साली: अनाथ बालिकाश्रम. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर गेला. आश्रमाला लोकांचा विश्वास हवा होता आणि कर्वे तर विधवेशी लग्न केलेले. म्हणून त्यांनी आश्रमाचे काम आणि पुनर्विवाहाचे काम काटेकोर वेगळे ठेवले. त्यांच्या मंडळीचे नावच पाहा. आधी ती विधवाविवाहोत्तेजक मंडळी होती, पुढे विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी झाली. उत्तेजन नको, फक्त अडथळे दूर करू! या नावात कर्व्यांचा सगळा स्वभाव आहे. एक पाऊल मागे घेऊन दहा पावले टिकवायची. आश्रमात सुरुवातीला प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या. आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले स्वतः सकेशा नव्हत्या, त्याच वेषात त्यांनी आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागितली. १९१६ साली महिला विद्यापीठ झाले, १९२०मध्ये ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली, आणि साताऱ्याहून वय दिसत नाही म्हणून परत पाठवलेला मुलगा पदव्या देणाऱ्या विद्यापीठाचा संस्थापक झाला.

रमाबाईंची वाट उलटी गेली. शारदा सदनही उच्चवर्णीय विधवांसाठीच सुरू झाले होते. ते बदलले दुष्काळाने. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या मदत केंद्रांवर मुलींची जी दशा त्यांनी पाहिली, तिने त्यांना वीस वर्षांपूर्वीचे आपले आईबाप आठवले असणार. केडगावच्या मुक्ती सदनात कोणत्याही जातीची मुलगी आली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. त्या मुली तेल गाळत, कापड विणत, छापखाना चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले आणि त्याचे खिळे जुळवले ते याच मुलींनी. १९२१च्या जुलैत मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. चौसष्ट पुरी व्हायला अठरा दिवस उरले होते.

बंगालच्या दोघांकडे मी आधी केवळ तिकिटांपायी वळलो होतो. तिथेही तोच धागा निघाला. बिपिनचंद्र पाल सिल्हेटकडचे. कलकत्त्यास येऊन ब्राह्मो झाले, त्यापायी वडिलांशी दुरावले आणि त्यांनी लग्न केले ते विधवेशी. लाल-बाल-पाल म्हणताना हे आपल्या ध्यानीमनी नसते. बालांचे ‘केसरी’ संमतिवयाच्या विरोधात आणि शारदा सदनाच्या विरोधात, आणि पाल कर्व्यांच्या आधीच विधवेचे पती! राजकारणाने तिघांना एका श्वासात बसवले, घरांच्या आत कोणी डोकावले नाही. जगदीशचंद्र तर विज्ञानाचे. प्रेसिडेन्सी कॉलेजात गोऱ्या प्राध्यापकापेक्षा कमी पगार देऊ केला म्हणून तीन वर्षे पगारच न घेणारे, आणि १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडे बिनतारी लहर पाठवून घंटा वाजवणारे. त्यांच्या पत्नी अबला बोस यांना कलकत्त्यात वैद्यकीला प्रवेश नव्हता म्हणून मद्रासला जाऊन शिकावे लागले होते. त्यांनी १९१९ साली नारी शिक्षा समिती काढली, आणि पुढे विधवांना शिकवून शिक्षिका करणारे विद्यासागर बाणी भवन. चार माणसे, चार क्षेत्रे. विधवेचा प्रश्न चारही घरांच्या उंबऱ्याशी आलेला.

मग १९५८ साली तीनच तिकिटे का? टपाल खात्यात कोणी रमाबाईंचे नाव खोडले असे मी म्हणत नाही. बहुधा कोणाला ते सुचलेच नसावे, आणि मला तेच अधिक लागते. कर्वे शंभर वर्षे जगले, त्यामुळे त्यांना विसरणे शक्यच नव्हते. पाल आणि बोस राष्ट्राच्या गोष्टीत सहज बसत होते. रमाबाई बसत नव्हत्या. हिंदूंना त्या धर्म सोडून गेलेल्या वाटत आणि राष्ट्रवाद्यांना मिशनऱ्यांच्या. दोन्ही गोष्टी अर्धवटच खऱ्या. अँग्लिकन धर्मगुरूंनी आज्ञाधारकपणा मागितला तेव्हा त्यांच्याशीही त्या तितक्याच कडकडून भांडल्या होत्या. त्यांचे मराठीतले मोठे चरित्र लिहिले ते रेव्हरंड टिळकांचे चिरंजीव देवदत्त टिळक यांनी. ख्रिस्ती बाईची आठवण ख्रिस्ती घरानेच ठेवावी, अशी वाटणी जणू महाराष्ट्राने करून टाकली होती.

१९८९चे तिकीट मी अलीकडे एका जुन्या संग्राहकाकडून मिळवले. वडिलांची वही वर्षवार आहे आणि ती १९७४ला संपते. कर्व्यांच्या तिकिटाशेजारी, १८ एप्रिल आणि ७ नोव्हेंबर यांच्या मध्ये, वायुदलाच्या रौप्यमहोत्सवाचे तिकीट चिकटवलेले आहे. त्याच्या डावीकडे बोटभर जागा आहे. तिथे लावले तर वडिलांचा क्रम मोडतो. तिकीट सध्या वहीतच, पण सुटे ठेवले आहे.